दुकान वाढवलं

पेडण्याच्या बाजारात धाकूशेटांचं कापडाचं दुकान होतं, तोवर त्या दुकानात 'बंद' हा शब्द कुणी तोंडातून काढत नसे. रात्री दुकान बंद करायचं नसे, वाढवायचं असे. गिऱ्हाइकाच्या हातातली बांगडी तिथे फुटत नसे, वाढत असे. मागितलेला रंग नसला तरी 'नाही' म्हणायचं नाही, 'पुढच्या खेपेला येतोय' म्हणायचं. लग्नाचा बस्ता बांधायला आलेल्या माणसांच्या कानावर वाकडा शब्द पडता कामा नये, हा शेटांचा दंडक. पद्मावती ऐन विशीत त्या दुकानात साड्यांच्या गादीवर बसली आणि चाळिशी उलटली तरी त्याच गादीवर होती. एवढ्या वर्षांत तिची जीभच तशी वळली. घरी गॅस संपला तरी ती "सिलिंडर वाढलो गो" म्हणायची आणि भावजय सुविधा पोट धरून हसायची.

यंदाची लग्नसराई आटोपली आणि शेटांनी दुकान वाढवलं ते कायमचंच. मुलगे पुण्यात, शेटांचे गुडघे गेलेले, आणि लोक मोबाइलवर साड्या मागवायला लागलेले. म्हाताऱ्याने करावं काय? शेवटच्या दिवशी ते पद्मावतीला म्हणाले, "बाय, तुज्या हातान गादयेक बरकत होती." आणि रडायलाच लागले. तीही रडली. मग शटर खाली आलं आणि ती शेवटच्या बसने कोरगावला परतली.

पद्मावतीचं लग्न झालं नव्हतं. का झालं नाही, हे कोरगावात कुणालाही विचारा, प्रत्येक जण वेगळीच गजाल सांगेल. आपल्याला त्यांच्याशी काम नाही. ती धाकट्या भावाच्या, कृष्णनाथच्या घरात राहायची. नोकरी होती तोवर सकाळी डबा घेऊन बाहेर पडणारी, संध्याकाळी दमून येणारी बाई म्हणून तिला त्या घरात आपली एक जागा होती. तिचा चहा तयार असे, आणि ती काय करते असं कुणी विचारत नसे. आता तिला दिवसभर घरात बघून शेजारणी कुंपणाशी थांबून कळवळायला लागल्या, आणि कळवळा पद्मावतीला शिवीपेक्षा लागत असे.

त्यात डिचोलीची मालतीकाकी न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ही पद्मावतीच्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. मुलगा आणि सून, दोघंही पणजीला नोकरीला. त्या मुलाचा कृष्णनाथला फोन आला. पद्मा आता मोकळीच आहे ना, मग तिला इकडे पाठव. घरच्यासारखी राहील, तिचं सगळं आम्ही बघू. पगाराचं नाव नाही. घरच्या माणसाला पगार कसा देणार, नाही का? एवढं खाऊनपिऊन, वर दोन लुगडी मिळाली की झालं! म्हातारीचं करायला पद्मावतीची ना नव्हती. तिने आपल्या आईचं शेवटपर्यंत केलं होतं. पण 'मोकळी' हा शब्द तिच्या काळजात रुतून बसला. एकदा डिचोलीला गेलं की आपण धाकूशेटांची पद्मावती उरणार नाही, लोकांनी मोकळी आहे म्हणून उचलून नेलेली वस्तू होऊ, हे तिला स्पष्ट दिसत होतं. काकीनंतर आणखी कुणी पडेल, मग तिकडे.

कृष्णनाथ काही वाईट माणूस नव्हता. मालाचा टेंपो चालवायचा, बहिणीला कधी उलट बोलला नव्हता. तो म्हणाला, "चवथीपर्यंत बघुया. तवसर काय जमला तर बरां. नायतर काकीक कितें सांगू मी?"

आणि जमायची चिन्हं दिसलीही. महामार्गाच्या कडेला बाहेरच्या एका कंपनीचं तीन मजली कापडाचं दुकान होत होतं. सुविधाच्या फोनवर जाहिरात आली: साडी विभागासाठी विक्रेत्या हव्यात, अनुभव असल्यास प्राधान्य. 'अनुभव' वाचून सुविधा उड्याच मारायला लागली. तिने अर्ज भरला आणि आठवडाभरात निरोप आला की मुलाखत द्या.

मुलाखत द्या म्हणजे काय, तर घरात बसून फोनसमोर बोला! समोर माणूस नाही. पडद्यावर प्रश्न उमटणार, विचार करायला थोडा वेळ मिळणार, मग दीड मिनिटात बोलून मोकळं व्हायचं. भाषा कुठलीही चालेल. उत्तर आवडलं नाही तर एकदाच परत देता येईल, पण मग पहिलं पुसलं जाईल आणि दुसरं राहील. ते नंतर कोण बघणार, कधी बघणार, बघणार तरी का, यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"पण मागीर माका प्रश्न कोण विचारतलो?" पद्मावतीने विचारलं.

"फोन विचारतलो, ताई."

"फोनाक साडयेतला कितें कळता?"

सुविधा मात्र कंबर कसून तयारीला लागली. ती चोपड्याच्या मासेवाल्यांची लेक. एकदा मनात घेतलं की नदी पोहून जाईल अशी. मुलाखतीत छाप कशी पाडावी याचे मिळतील ते व्हिडिओ तिने बघितले आणि त्यातलं सगळं ज्ञान नणंदेच्या डोक्यात ओतलं. उजेड तोंडावर हवा, पाठीवर नको, म्हणून बसायचं कदेल उचलून जनेलासमोर, खिडकीच्या उजेडात मांडलं. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. फोन पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या उंचीला टेकवला. चष्म्यात खिडकी चमकते म्हणून चष्मा काढायला लावला. पद्मावती मोरपंखी साडी नेसली, ती जरा भडक दिसते म्हणून सुविधाने बदलायला लावली. तर साड्यांच्या बाबतीत पद्मावतीला शिकवणारी ही कोण, म्हणून पद्मावती परत मोरपंखीच नेसली.

खरी पंचाईत नजरेची होती. पद्मावती बोलायला लागली की फोनमधल्या स्वतःकडेच बघायची आणि पदर सारखा करायची. नाहीतर सुविधाकडे बघायची. कॅमेऱ्याच्या बारक्या ठिपक्याकडे बघा म्हटलं, तर तो चष्म्याशिवाय दिसेना. शेवटी सुविधाने आपल्या कपाळावरची तांबडी टिकली काढली आणि कॅमेऱ्याच्या शेजारी चिकटवली.

"ह्या टिकलेकडेन बघा. गिऱ्हाइक आसा म्हणून समजा."

पद्मावतीने टिकलीकडे बघितलं, ओठांवर दुकानातलं हसू आणलं आणि म्हणाली, "या, बसा. काय दाखवू?"

दोघी इतक्या हसल्या की सुविधाला पाणी प्यावं लागलं. त्या घरात बऱ्याच दिवसांनी कुणी असं हसलं होतं.

मुलाखत सुरू झाली तेव्हा पडद्यावरचे प्रश्न सुविधाने वाचून दाखवले. पहिला प्रश्न ओळख करून देण्याचा होता. तो सुरू असतानाच नेमका पदेर पाव घेऊन आला आणि त्याने दारात सायकलीचा भोंगा वाजवला. ते उत्तर परत द्यावं लागलं, आणि पहिल्यापेक्षा बरं झालं. दुसरा प्रश्न होता, गिऱ्हाइकाला एखादी गोष्ट आवडली नाही तर काय कराल? इथे पद्मावतीची कळी खुलली. आई आणि मुलगी साडी घ्यायला येतात तेव्हा पैसे आईकडे असतात पण डोळे मुलीचे बघायचे असतात, हे तिने सांगितलं. आवडली नाही असं गिऱ्हाइक कधी बोलत नाही, साडीवरचा हात काढून घेतं. तो हात बघायचा, हेही सांगितलं. सुविधा फोनमागे उभी राहून मान डोलवत होती. टिकलीशी बोलता बोलता पद्मावती जणू परत गादीवर जाऊन बसली.

मग तिसरा प्रश्न आला. आधीची नोकरी का सोडली?

पद्मावती म्हणाली, "मी सोडली नाही. शेट म्हातारे झाले, गिऱ्हाइक कमी झालं आणि दुकान बंद पडलं. नाहीतर मी आयुष्यभर तिथेच राहिले असते."

"बेस!" सुविधा म्हणाली. "जाला. पुढे चला."

पण पद्मावती पुढे जाईना. तोंडातून 'बंद पडलं' निघालं आणि तिला कसंसंच झालं. शेटांच्या दुकानाला हा शब्द! ज्यांचं मीठ खाल्लं त्यांची गिऱ्हाइकं कमी झाली हे परक्या कंपनीपुढे सांगायचं? आणि तेही कापडाच्याच दुकानात, जिथे आपल्याला उद्या बसायचं आहे?

"सुविधा, त्या व्हिडिओत तां कितें होतां गो? जुन्या मालकाचा वायट बोलूचा नाय?"

"होय, तसां सांगतत. पण तुमी कायच वायट बोलूक नाय."

"बंद पडला म्हटलां मी."

"बंदच पडला मगे! कितें सांगतलात?"

"चांगल्या शब्दात सांगतंय. परत लाव."

सुविधाने एकदा समजावलं. पहिलं पुसलं जाणार, तेही बजावलं. पण साडीच्या वेळी जी हट्टाला पेटली होती तीच बाई ही. शिवाय ताईंनी जन्मभर गिऱ्हाइकांशी बोलण्यात घालवला, कुठला शब्द चांगला दिसतो ते त्यांनाच ठाऊक, असंही सुविधाला वाटलं. तिने बटण दाबलं.

पद्मावती सावरून बसली. टिकलीकडे बघत, हसऱ्या तोंडाने, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत म्हणाली, "आमच्या शेटांनी यंदा दुकान वाढवलं. त्यामुळे माझं काम सुटलं. शेटांचे माझ्यावर फार उपकार आहेत. त्यांच्याकडे मी जे शिकले ते तुमच्या दुकानाच्या उपयोगी पडावं, एवढीच इच्छा आहे."

किती छान बोलली! सुविधाच्या डोळ्यांत पाणी आलं. धाकूशेटांनी ऐकलं असतं तर त्यांनीही मान डोलवली असती. उरलेली उत्तरंही मग पाण्यासारखी गेली. शेवटी पडद्यावर हिरवी बरोबरची खूण आली आणि आभार मानले गेले. पद्मावतीनेही फोनला हात जोडले.

त्या रात्री जेवताना कृष्णनाथ म्हणाला, "ताईक घेवचे नाय तर आनी कोणाक घेतले?" आणि पद्मावतीने खूप दिवसांनी भात दुसऱ्यांदा घेतला.

उत्तर आलं ते इंग्रजीत, चारच ओळींचं. सुविधाने ते आधी स्वतः वाचलं, मग फोनला वाचायला लावलं, मग टेंपो घेऊन आलेल्या नवऱ्याला दाखवलं. कुठूनही वाचलं तरी अर्थ तोच. आपण वेळ दिलात याबद्दल आभारी आहोत, मात्र या खेपेला आपली निवड होऊ शकली नाही. का नाही, हे कुठेच नव्हतं.

तेवढ्यावर गप्प बसायचं, असा जगाचा नियम आहे. पण पद्मावतीला 'का' कळल्याशिवाय राहवेना. दुसऱ्या दिवशी तीच मोरपंखी साडी नेसून ती बसने महामार्गावर उतरली आणि त्या दुकानात शिरली. आत अजून सुतार काम करत होते, जिकडेतिकडे खोके पडलेले. साडी विभागाचा मॅनेजर होता अजय म्हणून कोल्हापूरकडचा माणूस, पस्तिशीचा, घामाघूम झालेला. त्याने तिला खोक्यावर बसवलं, सुताराकडून चहा मागवला आणि तिचं सगळं ऐकून घेतलं.

"तसं दाखवायचं नसतं बघा, ताई," तो म्हणाला, "पण तुम्ही एवढ्या लांबनं आलाय."

त्याने टॅब काढला, तिचं नाव शोधलं आणि वाचायला लागला. ओळख, उत्तम. गिऱ्हाइकाशी वागणूक, अतिउत्तम. मग त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्याने तीच ओळ पुन्हा वाचली.

"तुम्ही काम का सोडलं म्हणून सांगितलं?"

"शेटांनी दुकान वाढवलं म्हणून."

अजयने टॅब बाजूच्या खोक्यावर ठेवला. मग मांडीवर थाप मारून हसायला लागला. "आयला! दुकान वाढवलं म्हणजे बंद केलं की ओ! आमची आजीपण असंच म्हणत होती." आणि हसता हसता एकदम थांबला, कारण समोरची बाई हसत नव्हती.

त्याने तिला समजावून सांगितलं. उत्तरं पहिल्यांदा माणूस ऐकत नाही, मशीन ऐकतं. मशीनने मराठीचं इंग्रजी केलं, आणि त्या इंग्रजीत असं आलं की मालकाने धंदा मोठा केला आणि त्यामुळे या बाईंचं काम सुटलं. त्यावरून मशीनने पुढचा निष्कर्ष काढला: वाढत्या कामाशी जुळवून घेता आलं नाही, मोठ्या दुकानासाठी योग्य नाही. तिथेच गुण कापले आणि नाव खाली गेलं. वरच्या ऑफिसातल्या कुणी तो व्हिडिओ उघडलासुद्धा नव्हता.

"आता तुमाला कळला मा?" पद्मावती घाईघाईने म्हणाली. तिच्या जिवात एकदम जीव आला होता. "तुमी सांगा त्यांना. बंद पडलं म्हणून सांगा. पेडण्यात कोणालाही विचारा, कुलूप दिसेल. मी आधी तसंच सांगितलं होतं, खरंच, पण ते पुसलं."

अजयने तिच्यासमोरच फोन लावला. वरच्या ऑफिसात कुणाशी तरी तो आधी हिंदीत बोलला, मग इंग्रजीत, मग नुसतं 'हो सर' म्हणत राहिला. फोन ठेवला तेव्हा त्याचं तोंड पडलेलं होतं.

"भरती पूर्ण झालीय म्हणतात. एकदा नापास झालं की सहा महिने तुमच्या नावानं परत अर्जच घेत नाही ते. मी काय करू, ताई? आलेल्या माणसांना मी कामाला लावतो फक्त. निवडत नाही मी."

सहा महिने म्हणजे चवथ, दिवाळी सगळंच होऊन गेलेलं असणार. पद्मावतीने मान हलवली. आणि सवय किती वाईट असते बघा, त्याचा उतरलेला चेहरा बघून तिनेच त्याची समजूत काढली. "असू दे हो. तुमचा काय दोष? तुमचा वेळ मात्र गेला."

"व्हिडिओ बघायचाय का तुमचा?" अजयला काहीतरी द्यायचं होतं आणि देण्यासारखं तेवढंच होतं.

तिने बघितला. मोरपंखी साडीतली बाई उजेडात बसली होती. तोंडावर हसू, नजर थेट समोर, आवाज खणखणीत, हात मांडीवर शांत. एवढी छान ती आरशातही कधी दिसली नव्हती. आणि त्या छान दिसणाऱ्या, छान बोलणाऱ्या, आपल्या शेटांची अब्रू राखायला निघालेल्या बाईचा पद्मावतीला असा संताप आला की टॅबमध्ये हात घालून तिचं तोंड दाबावं. गप्प बस गो, तिला ओरडावंसं वाटलं. जसं आहे तसं सांग की! पण बाई हसत बोलत राहिली आणि बोलणं संपल्यावर पडद्यावरून नाहीशी झाली.

घरी येऊन तिने सुविधाला सगळं सांगितलं. सुविधाने ऐकलं आणि हातातलं भांडं मोरीत आदळलं. "पयलां बोललात तांच बरां होतां! मी म्हटलां होतां तुमका!" असं ती ओरडली, आणि मग स्वतःच्याच शब्दांनी घाबरून नणंदेच्या गळ्यात पडून रडायला लागली. "माजीच चूक, ताई. मी ते व्हिडिओ बघूक नाय व्हये होते." पद्मावती तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. चूक सुविधाची नव्हती. मशीनची म्हणावी, तर मशीनला कोण जाब विचारणार? आपलीच होती, आणि ती चांगुलपणाच्या पोटी झाली होती, म्हणून ती कुणाकडे कबूल करून मन हलकं करण्याचीही सोय नव्हती.

आणखी दोन-तीन दुकानांत ती विचारून आली. म्हापशात एकाने वय विचारलं आणि तिथेच विषय संपवला. पेडण्यात ज्यांच्याकडे जागा होती त्यांना जवळपासची विशीतली मुलगी हवी होती. चवथ आली, पाच दिवस घर माणसांनी भरलं, आरत्या झाल्या, आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी कृष्णनाथने डिचोलीला फोन केला. फोन करताना तो अंगणात गेला होता आणि हळू आवाजात बोलत होता, पण पद्मावतीला ऐकू आलं.

त्यानेच तिला टेंपोतून नेलं. वाटेत तो दोनदा म्हणाला, "तुका बरां नाय वाटला तर फोन कर हां." ती दोन्ही वेळा "करतंय" म्हणाली. दोघांनाही ठाऊक होतं की ती करणार नाही.

डिचोलीचं घर मोठं होतं, स्वच्छ होतं. सून अर्चना कामावर जायच्या तयारीत होती. पंजाबी ड्रेस घातलेला, केस ओले. तिने दोघांना चहा दिला. कृष्णनाथ चहा पिऊन बहिणीकडे न बघता निघून गेला. मग अर्चनाने पद्मावतीला आतल्या खोलीत नेलं. मालतीकाकी खाटेवर पडली होती, तोंड भिंतीकडे, खोलीभर मलमाचा वास. पद्मावती कुठली, काय शिकली, आजवर काय करत होती, तिला काय आवडतं, काय येतं, हे सांगायला ती दारात ताठ उभी राहिली. हात आपोआप पोटाशी जुळले होते.

अर्चनाने तिला पायापासून खांद्यापर्यंत एकदा न्याहाळलं.

"एकटीने उचलता येईल ना तुम्हाला त्यांना?"

"येईल," पद्मावती म्हणाली.

"बरं झालं बाई."

दुसरा प्रश्न येईल म्हणून पद्मावती थांबली. अर्चनाने पर्स खांद्याला लावली, चपला घातल्या आणि ती बस पकडायला निघून गेली.